हिमालयातील बर्फ आणि हवामानाची सूक्ष्म प्रारूपे

हिमालयाच्या उतारांवर हिवाळ्यात साचणारा बर्फ हे एक नैसर्गिक धरणच होय. पश्चिमी विक्षोभांमुळे पडणारे हिम वसंतात वितळू लागते आणि पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत सिंधू, चिनाब, सतलज या नद्यांना पाणी पुरवते. लडाखमधील जवाची पेरणी आणि भाक्रा जलाशयात येणारा प्रवाह या दोहोंचा या वितळण्याशी निकटचा संबंध आहे.

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१४ या काळात हिंदुकुश-हिमालय प्रदेशाचे तापमान सुमारे १.३ अंश सेल्सिअसने वाढले. अनेक भागांत हिमवृष्टी घटली. काराकोरमच्या काही उंच भागांत मात्र ती वाढली. हा भेद समजून घेण्यास जागतिक प्रारूपे अपुरी पडतात. त्यांतील एकेक चौकोन साधारणतः १०० किलोमीटर रुंद असतो. खोल दरी आणि उत्तुंग शिखर यांची त्यात एकच सरासरी उंची धरली जाते. त्यामुळे दरीतला पाऊस आणि माथ्यावरचा बर्फ हा फरकच पुसला जातो.

चौकोन काही किलोमीटरांवर आणला की उतारांची दिशा, वाऱ्याची अडवणूक आणि पावसाचे हिमात रूपांतर होण्याची उंची यांचे चित्र स्पष्ट होते. बर्फ हटताच उघडी जमीन अधिक उष्णता शोषते, हा परिणामही नेमका मोजता येतो. परंतु चौकोनाची रुंदी निम्मी केली की गणिताचा भार सुमारे आठपट वाढतो. म्हणूनच महासंगणक लागतात.

सूक्ष्मता म्हणजे अचूकता मात्र नव्हे. प्रादेशिक प्रारूपाला सीमेवरील माहिती जागतिक प्रारूपच पुरवते. तेथील चूक आतही उतरते. उपग्रह बर्फाचा विस्तार दाखवतात, पण त्यात पाणी किती, हे सांगणे त्यांना कठीण जाते. उंचावरील मापनकेंद्रे विरळ आहेत आणि वाऱ्यामुळे मापकांत हिम कमीच पडते.

हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव आहे, हे आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालातील विधान निराधार असल्याचे २०१० मध्ये मान्य करावे लागले. धोका खरा आहे, म्हणूनच त्याचे मोजमापही खरे हवे. महासंगणकाइतकीच गरज डोंगरमाथ्यावरील मापनकेंद्राची आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्या निरीक्षकाची आहे. पेरणीच्या वेळी पाटाला पाणी येईल की नाही, या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर या दोहोंच्या मेळातूनच मिळू शकेल.