बंधूंच्या बुलेटचे इंजिन

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



कार्यवाहांनी आम्हांस ‘सेवानिवृत्तीनंतरचा काळ’ हा विषय नेमून दिला आहे. तीर्थयात्रा, नामस्मरण आणि प्रकृतीची निगा यांविषयी आमच्याहून अधिकारी मंडळी येथे बसली आहेत. आमची गेली दोन वर्षे मात्र एका जुन्या मोटारसायकलचे इंजिन घरी उघडून ते पुन्हा उभे करण्यात गेली, आणि त्याविषयीच बोलण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडून आधीच मागून घेतली आहे. ज्यांना यंत्राचा कंटाळा असेल त्यांनी भोजनाची व्यवस्था पाहावी. ती उत्तम आहे असे ऐकतो.

गाडी आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंची. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट, जुन्या बिडाच्या सिलिंडरची. या यंत्राचा नमुना मूळचा इंग्लंडातील रेडिच गावचा, १९४९ सालचा. आपल्या सैन्यास सीमेवरील गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. प्रथम विलायतेहून सुटे भाग आणून गाड्या जुळवीत, पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात सर्व भाग घडू लागले. त्या वर्षी आपला परभणी जिल्हा अद्याप हैदराबाद राज्यात होता. पुढे इंग्लंडात ही गाडी बनणे संपले, आणि मद्रासेत मात्र तेच इंजिन थोड्याफार फरकाने २०१०च्या सुमारापर्यंत निघत राहिले. इतकी वर्षे एकच नमुना टिकल्यामुळे त्याचे सुटे भाग आजही नांदेडच्या बाजारात मिळतात. आमच्यासारख्या नवशिक्याने हे धाडस केले ते याच भरवशावर.

बंधूंविषयी थोडे सांगितले पाहिजे. वडिलांचा मानवत तालुक्यातील खेड्यात भाता होता. फाळ पाजळणे, विळे-खुरपी घडविणे आणि बैलगाडीच्या चाकांना धाव चढविणे हा व्यवसाय. बंधू सातवीतून शाळा सोडून भात्यावर बसले, म्हणून आम्ही मॅट्रिकपर्यंत पोहोचलो आणि पुढे मास्तर झालो. आम्ही हातोड्याला हात लावलेला वडिलांना खपत नसे. “तू खडू धर,” एवढेच ते म्हणत. बंधूंनी पुढे वेल्डिंगचे दुकान काढले व १९८४ साली ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली. आमच्या जिंतूर तालुक्यातील नेमणुकीच्या गावी तेव्हा पावसाळ्यात एस.टी. पोहोचत नसे. आमचे सारे बिऱ्हाड, पाट्यावरवंट्यासह, याच गाडीवरून दोन खेपांत हलले आहे.

बंधू २०१२ साली गेले. गाडी गोठ्यात कडब्याच्या आड दहा वर्षे उभी राहिली. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केले. भंगारवाला किलोच्या भावाने मागू लागला तेव्हा वहिनींनी आम्हांस बोलावून सांगितले, “भावजी, न्यायची तर न्या. पण नुसती पुसून उभी करायची असली तर नको. चालती झाली पाहिजे.”

ही अट आम्ही मान्य केली तेव्हा आम्हांस पान्याचे आकडेही धड वाचता येत नव्हते. दुरुस्तीचे एक जुने पुस्तक मिळविले. अंगणात पोते अंथरून काम सुरू केले. हाताखाली बंधूंचा नातू, वय सतरा. तो दहावीत नापास झाला होता, आणि निकालाच्या दिवशी चार पाहुण्यांदेखत आम्ही त्यास ‘दगड’ म्हटले होते. तो आला तो आजीच्या सांगण्यावरून. आमच्याशी फारसा बोलत नसे.

पहिला अपराध आमचाच. या इंजिनात तेलाचा पंप फिरविणारा जो नट क्रँकच्या टोकावर बसतो त्याचे आटे उलटे असतात. तो उजवीकडे फिरविल्यावर सुटतो. पुस्तकात ते छापलेले होते. आम्ही पान न वाचता पान्यास नळी अडकवून डावीकडे जोर लावला आणि नटाचे आटे घालविले. पस्तीस वर्षे ज्या मुलांना आम्ही “आधी प्रश्न नीट वाचा” म्हणून छड्या मारल्या, त्यांतील कोणी त्या वेळी कुंपणावरून पाहत नव्हते हे आमचे भाग्य.

सिलिंडर बाहेर काढला. त्याचा मूळ व्यास ७० मिलिमीटर. वरच्या कडेशी बोट फिरविले तर नखाला पायरी लागत होती, म्हणजे पिस्टनच्या रिंगांनी घासून खालचा भाग झिजवला होता. झीज सगळीकडे सारखी नसते. ज्या बाजूस रॉड पिस्टनला दाबतो त्या बाजूस, म्हणजे गाडीच्या पुढच्या-मागच्या अंगाला, ती अधिक असते. तेव्हा वर, मध्ये व खाली, दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय काही ठरविता येत नाही. मोजण्याचे हत्यार आमच्यापाशी नव्हते. सिलिंडर आणि क्रँक पिशवीत घालून आम्ही परभणीहून रेल्वेने पूर्णामार्गे नांदेड गाठले. तेथील लेथवाल्याने मोजून सांगितले, वीस थाऊने बोअर मोठा करावा लागेल. म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. तितक्याच मोठ्या मापाचा पिस्टन मिळतो. क्रँकची दोन चाके प्रेसवर दाबून अलग करावी लागतात, रॉडच्या मोठ्या टोकाचे बुश बदलावे लागते आणि मग ती चाके एका रेषेत आणावी लागतात. हे काम अंगणात होत नाही. ते त्यानेच केले, आणि आम्ही दोन दिवस त्याच्या दुकानात स्टुलावर बसून पाहिले.

घरी करण्याजोगे उरले ते बेरिंगांचे काम, आणि तेथे आम्ही काही वेळ थबकलो. क्रँककेस अॅल्युमिनियमची, बेरिंग पोलादाचे, आणि ते आत घट्ट बसलेले. हातोडीने ठोकले तर क्रँककेस फुटेल. पुस्तकात लिहिले होते की क्रँककेस तापवावी. अॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बेरिंगाभोवतीची जागा सैल होते आणि बेरिंग आपोआप गळून पडते. वहिनींच्या चुलीवर मोठे घंगाळ चढविले, पाणी उकळले, क्रँककेसचा अर्धा भाग त्यात बराच वेळ बुडविला, आणि फडक्याने धरून लाकडी फळीवर हलकेच आपटला. बेरिंग ठण्णकन फळीवर पडले.

वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मामंजी धाव अशीच चढवायचे की.”

मंडळी, त्या क्षणी आम्हांस खरोखरच खाली बसावे लागले. चाकापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, ती वाढली की चाकावर घालायची आणि वर पाणी ओतायचे. धाव आकसून लाकडाला अशी आवळून धरते की आरे करकरतात. हे आम्ही लहानपणी शेकडो वेळा पाहिले. आणि पुढे पस्तीस वर्षे वर्गात पितळी गोळा व कडी हातात घेऊन ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हा धडा शिकविला. त्या धड्यात आम्ही आमच्या वडिलांचे नाव एकदाही काढले नाही. लोहाराचा मुलगा म्हणून ओळख पुसावी, असेच तेव्हा आम्हांस वाटत असावे. समाजाच्या व्यासपीठावर हे कबूल करणे सोपे नाही, पण केले.

नवे बेरिंग शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवले, क्रँककेस पुन्हा तापविली, आणि ते हाताच्या बोटांनी आत बसले. पुढील काम संथ चालले. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, वरून रॉकेल ओतून गळते का ते पाहिले. रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून त्यांच्या टोकांतील फट सुमारे बारा थाऊ आहे याची खात्री केली. टायमिंगच्या दात्यांवरील खुणा एकमेकींसमोर आणल्या. बाहेरचे झाकण बसविले, तेल भरले, आणि शुक्रवारी सायंकाळी किक मारायची असे ठरविले.

तेवढ्यात नातू हत्यारांची थाळी धूत होता. तो म्हणाला, “आबा, हे बूच कुठलं राहिलं?”

हरभऱ्याएवढी बुचाची एक गोल चकती. आम्ही म्हटले, कोणत्या तरी खोक्याची असेल, टाकून दे. त्याने टाकली नाही. पुस्तक उघडून आकृतीवर बोट ठेवले आणि ते तसेच धरून उभा राहिला. पंपाचे तेल झाकणातून क्रँकच्या टोकात शिरते, तेथेच हे बूच बसते. ते नसते तर तेल वाटेतच निसटले असते, रॉडचे नवे बुश कोरडे पडले असते, आणि नांदेडचा सारा खर्च पहिल्याच फेरीत जळून गेला असता. ते वेळीच कोणी सांगितले नसते, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

त्या सायंकाळी आम्ही त्यास काही बोललो नाही. झाकण पुन्हा उघडले, एवढेच. दुसऱ्या दिवशी ओसरीवर, वहिनींच्या देखत, निकालाच्या दिवशीचा शब्द आम्ही परत घेतला. तो मान खाली घालून चेन साफ करीत राहिला. यंदा त्याने दहावी पार केली असून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गास नाव घातले आहे. लोहारकीतून बाहेर काढलेल्या घरात पोर पुन्हा लोखंडाकडे गेले म्हणून भावकीत काहींनी नाके मुरडली. त्यांना आमचे उत्तर तयार आहे, पण ते भोजनोत्तर देऊ.

किक त्यानेच मारली. डिकॉम्प्रेसरचा दांडा दाबून, अँमीटरचा काटा मध्यावर आणून, एक पाय टाकला, काही नाही. सातव्या पायाला इंजिन बोलले. वहिनी बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, “धूर घरात येतोय, लांब न्या ती.” थोड्या वेळाने पाहिले तर त्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

पहिले पाचशे किलोमीटर चाळिसाच्या वर वेग नेला नाही; पाथरी, सेलू, मानवत एवढ्याच फेऱ्या झाल्या. मग तेल बदलले. आता डाव्या बाजूच्या चेनकेसमधून थेंब थेंब तेल गळते, खाली पोते घालून ठेवले आहे. नातू म्हणतो, आतील रबरी पट्टी बदलावी लागेल. ते काम येत्या रविवारी योजले असल्यामुळे कार्यकारिणीच्या सभेस आम्ही उपस्थित राहू शकणार नाही, याची अध्यक्षमहाराजांनी कृपया नोंद घ्यावी.