हौसाताईंचे स्मरण
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



वार्षिक कार्यक्रमात देणगीदारांचे आभार आणि वर्षभराचा ताळेबंद यांना मानाचे स्थान असते. आज मात्र आम्ही आपल्याच तालुक्यातील एका आजींचे स्मरण करणार आहोत. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या, हणमंतवडियेच्या सूनबाई, स्वातंत्र्यसैनिक हौसाताई पाटील. जन्म 12 फेब्रुवारी 1927, निधन 23 सप्टेंबर 2021. घरातल्यांना आणि गावाला धाक असावा नि लळाही असावा, अशा वडीलधाऱ्या बायका आता दुर्मीळ होत चालल्या आहेत. ताई त्यांपैकी एक होत्या.

त्यांचे बालपण सुखाचे नव्हते. आई लवकर गेली. वडिलांनी तलाठ्याची नोकरी सोडून देशकार्य पत्करले आणि पुढे ते भूमिगत झाले. घरादारावर जप्ती आली. आजीने नातीला वाढवले. थोरामोठ्यांच्या त्यागाचे गोडवे गाताना त्यांच्या घरातील लेकरांनी काय सोसले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले.

सातारा जिल्ह्यात 1943 साली प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगलीचा हा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातील शस्त्रे मिळवायची होती. त्यासाठी एक सोंग रचले गेले. ठाण्यासमोरच एक कार्यकर्ता नवरा बनून हौसाताईंना मारू लागला, डोक्यात धोंडा घालण्याची धमकी देऊ लागला. त्या धुळीत पडून आकांत करू लागल्या. पोलीस ठाण्याबाहेर धावले, नवऱ्याला आवरू लागले, समजूत घालू लागले. आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी शस्त्रे लांबवली! सोंग यशस्वी झाले. ताईंची तक्रार एवढीच की, खरे वाटावे म्हणून गड्याने जरा जास्तच मारले. देशासाठी खाल्लेल्या माराचाही हिशेब मागणारी ही बाई होती.

पुढच्याच वर्षी त्या पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात गेल्या. पणजीच्या तुरुंगात असलेल्या बाळ जोशी या सहकाऱ्याला सोडवायचे होते. बहीण म्हणून त्या भेटीला गेल्या आणि सुटकेच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात लपवून आत पोहोचवली. परतीची नेहमीची वाट धोक्याची होती. पोहता येत नसताना मध्यरात्री एका लाकडी पेटीवर पडून त्यांनी मांडवी ओलांडली. सोबती कडेने पोहत होते. पुढे रानातून कित्येक मैलांची पायपीट. एवढे करूनही, आपण फारसे काही केले नाही, असे त्या म्हणत. हा त्यांचा विनय खरा. पण बायकांच्या कामाला ‘फारसे काही नाही’ म्हणण्याची आपली जुनी सवयही त्यात ऐकू येते. ती सवय आम्हांला मान्य नाही.

वय झाले तरी ताईंचा आवाज बसला नाही. 2018 च्या नोव्हेंबरात देशभरातील शेतकरी दिल्लीत मोर्चाला जमले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या ताईंनी त्यांना पाठिंबा दिला होता.

आता रुग्णालयाशी संबंधित एक गोष्ट. भवानीनगरला खोट्या मारहाणीसाठी इंग्रजी अमलातील पोलीस धावून आले. आज खऱ्या मारहाणीला कोण धावते? हातावर वळ, डोळ्याखाली काळेनिळे, आणि ‘न्हाणीत पाय घसरला’ हे ठरलेले उत्तर, हे चित्र कोणत्याही दवाखान्याला अपरिचित नाही. हौसाताई रडण्याचे सोंग करीत होत्या. या भगिनी न रडण्याचे सोंग करीत असतात. त्या सोंगाला आपण फसू नये. जखम बांधण्यापूर्वी नातेवाइकांना बाहेर बसवावे, आवाज खाली आणून एकदा विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पुढच्या भेटीतही विचारावे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 2006 च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. अशा स्त्रीला वैद्यकीय मदत नाकारता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. 181 हा महिला मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक कक्षात ठळकपणे लावणे आपल्या हाती आहे.

आणि वयोवृद्ध मातांविषयी. घरातील सर्वांची औषधे वेळेवर देणारी आजी स्वतःचे दुखणे मात्र ‘वयाचे आहे’ म्हणून अंगावर काढते. तिचा हट्ट मोडणे सोपे नाही. तिला प्रश्न विचारताना दोन मिनिटे जास्त द्यावीत. कदाचित दुखण्याआधी ती आपली हकीकत सांगू लागेल. ती ऐकावी.

हौसाताईंच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्यांना आवडेल ते मात्र अवघड आहे: बाई रस्त्यावर ओरडली, तर आपण सारे बाहेर धावायचे.