गुराब, गलबत आणि वऱ्हाडातला समुद्र

(अकोला येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय जाहीर झाला तेव्हा अमरावतीहून एका मित्राचा फोन आला. म्हणाला, ‘काऊन बे, अकोल्यात समुद्र कधी आला?’ मी म्हटलं, समुद्र नसेल, पण खारं पाणी आहे! पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या खारपाणपट्ट्यातला माणूस विहिरीचं पाणी तोंडात घेतो, तेव्हा कोकणातल्या माणसानं त्याला समुद्र शिकवायची गरज राहत नाही.

खरं कारण वेगळं आहे. सुट्टीत माझा भाचा येतो आणि संगणकावर ‘सिड मायर्स पायरेट्स’ हा खेळ मांडून बसतो. खेळ तसा जुना. 1987 साली पहिल्यांदा आला, 2004 मध्ये नव्यानं सजवून काढला. कॅरिबियन समुद्र, सतराव्या शतकातले स्पॅनिश, इंग्रज, फ्रेंच, डच आणि मधे आपण, म्हणजे चाचे. भाचा रोज हरायचा. मामा इतिहासाचा मास्तर, म्हणून त्यानं मला विचारलं. मी बाजूला खुर्ची ओढून बसलो, आणि दोन दिवसांत लक्षात आलं की पोरगं ज्या चुका करतं आहे, त्या न केल्यामुळेच मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे तीस वर्षं टिकला होता.

पहिली चूक जहाजाची. एक गॅलियन हाती लागलं की भाचा खूश. डोलकाठ्या उंच, तोफा भरपूर, दिसायला वाडा. मग त्याच वाड्यात बसून तो लढाईला निघतो आणि वाऱ्याच्या तोंडावर अडकून पडतो. गॅलियन वळायला लागेपर्यंत लहानसं स्लूप मागून येऊन दोन फैरी झाडून जातं. त्या खेळात वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेला जाताना उतार, परतताना चढ. लहान, निमुळतं जहाज वाऱ्याच्या विरुद्धही तिरकं चढत जातं, मोठ्याला ते जमत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा: गॅलियन पकडा, त्यातला माल काढा, बंदरात विकून टाका. त्यात राहायला जाऊ नका.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. 1715 च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यात हाच मुद्दा आहे: गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं, फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात; आणि जे जहाज वाऱ्याशिवाय हलतच नाही, ते बांधून काय करायचं? पुढं तर ते सांगतात की हरलेला शत्रू कौल मागू लागला तरी त्याच्या जहाजाला एकदम भिडू नये. लांब राहून त्याच्या माणसांना आपल्याकडे बोलवावं. भाच्यानं हे वाचलेलं नव्हतं, त्यामुळे पांढरं निशाण दिसलं की तो उड्या मारत पुढे जायचा.

आता आंग्र्यांचा खरा डाव ऐका. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या रॉबर्ट ऑर्म या इतिहासकारानं तो बारकाईनं लिहून ठेवला आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, उथळ पाण्यात चालणारं जहाज. पुढचा भाग लांब, टोकदार, आणि त्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला, व्यापारी जहाज समुद्रात खिळून राहिलं, की गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत न्यायची, आणि न्यायची कुठे? जहाजाच्या पाठीमागे. युरोपीय जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना. पाठीशी जवळजवळ काही नाही. मागे उभं राहून गुराबा डोलकाठ्यांवर गोळे टाकायच्या. शिडं पडली की जहाज पांगळं. मग प्रत्येक गलबतातून दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन चढायची.

खेळात गोळे तीन तऱ्हेचे आहेत. साधे गोळे जहाजाला भोकं पाडतात, साखळीचे शिडं कापतात, छर्रे माणसं मारतात. भाचा सगळीकडे साधे गोळे वापरायचा. जहाज बुडायचं, त्याबरोबर मालही. ‘मामा, डुबलं ना!’ डुबणारच. आधी साखळीनं पाय तोडायचे, मग छर्र्यांनी माणसं कमी करायची, मग चढायचं. कान्होजीच्या माणसांना हे कुणी संगणकावर शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबर 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका त्यांनी पकडली. तीत कारवारच्या वखारीच्या प्रमुखाची बायको होती. नवरा या चकमकीत मेला, ती कैद होऊन आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर आली. पुढच्या वर्षी तीस हजार रुपये मोजून इंग्रजांनी तिला सोडवलं. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी ‘चाचा’. पण हे चाचेपण ठरवणार कोण? पोर्तुगीज आपला कार्ताझ विकायचे, इंग्रज आपले परवाने द्यायचे, आंग्रे दस्तक द्यायचे. सातारच्या छत्रपतींचा सरखेल किनाऱ्यावर दस्तक मागतो तेव्हा तो चाचा, आणि लंडनची कंपनी मागते तेव्हा ती व्यापारी, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही. खेळ या बाबतीत प्रामाणिक आहे. तिथं एका राजाचं पत्र खिशात असलं की तुम्ही त्याचे शूर दर्यावर्दी आणि दुसऱ्याचे लुटारू. हॉलिवूडवाले मात्र 2007 च्या चित्रपटात हिंदी महासागराचा चाचे-सरदार म्हणून ‘संभाजी आंग्रिया’ उभा करतात, नाव कान्होजीच्या मुलाचं उचलून.

दुसरी मोठी शिकवण माणसांची. भाचा दोनशे माणसं भरतो, महिनोन्‌महिने समुद्रात फिरवतो आणि वाटणी करत नाही. माणसं कुरकुरतात, शेवटी पळून जातात. माणसं कमी असतील तर प्रत्येकाचा वाटा मोठा, हे साधं हरभऱ्याच्या घाट्यांचं गणित आहे.

आणि तिसरी, जागा. 1718 मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, फसला. 1721 मध्ये चार शाही युद्धनौका घेऊन आलेला कमोडोर मॅथ्यूज आणि पोर्तुगीज असे मिळून कुलाब्यावर गेले. तेही फसले, बाजीराव मदतीला धावून आला होता. आंग्र्यांचं बळ खोल समुद्रात नव्हतंच. ते किल्ला, खाडी आणि उथळ पाणी यांच्या मधल्या पट्ट्यात होतं. आज्ञापत्रही सांगतं: वारा विरुद्ध गेला तर हट्ट करू नका, आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला या.

पण आश्रयाला येणं आणि कोंडून घेणं यात फरक आहे. कान्होजी 1729 मध्ये गेला, घरात फूट पडली, पुढे त्याचा मुलगा तुळाजी आणि पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध चक्क इंग्रजांशी हात मिळवले. मला विचाराल तर मराठी राज्यानं समुद्रावर केलेली ही सर्वांत महागडी चूक. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजीचं आरमार किल्ल्याच्या कुशीत एकमेकांना बांधून उभं होतं. एका जहाजावर बाँब पडून आग लागली, ते ‘रेस्टोरेशन’, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं मोठं जहाज. तिथून आग सगळ्या ताफ्यात पसरली. एका दुपारी आरमार संपलं. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं खेळ थांबवला आणि विचारलं, ‘मग आधी साठवलेला डाव परत उघडता येत नाही?’

या सुट्टीत मुलांना घेऊन कोकणात गेलात, तर अलिबागचा कुलाबा किल्ला जरूर दाखवा. ओहोटीला चालत जाता येतं. फक्त जाण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ विचारून घ्या. पाणी चढलं की परतायला नाव लागते.