गिधाडे आणि गोठ्यातील औषध

पक्ष्यांचे रक्षण करा असे कोणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिमणी येते, मैना येते, मोर येतो. गिधाड काही येत नाही. त्याची मान बोडकी, चाल बेंगरूळ आणि अन्न मेलेल्या जनावरांचे. सीतेसाठी प्राण वेचणारा जटायू आपणांस वंद्य वाटतो. परंतु गावकुसाबाहेर बसलेला त्याचा वंशज मात्र अशुभ ठरतो. तथापि ह्या उपेक्षित पक्ष्याच्या हकीकतीत माणसाने विचार करावा असे पुष्कळ आहे.

सन १९८० च्या सुमारास आपल्या देशात गिधाडे लाखोंनी होती. गावातला बैल मेला की लोक तो गावाबाहेर ओढून टाकीत. आकाशात घिरट्या घालणारे थवे खाली उतरत आणि पाहता पाहता केवळ हाडांचा सांगाडा उरे. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की कुजक्या मांसातील पुष्कळसे रोगजंतू त्यात नष्ट होतात. गावाची ही सफाई विनावेतन चालली होती.

मग हे थवे विरळ होऊ लागले. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात डॉ. विभू प्रकाश ह्यांना झाडांवर माना टाकून बसलेली आणि खाली मरून पडलेली गिधाडे आढळली. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या इतकी घटली की हजारांमागे जेमतेम एक उरले. कोणी त्यांच्यावर बंदूक चालवली नव्हती, की जाळे टाकले नव्हते. अन्नाचाही तुटवडा नव्हता.

ह्या कोड्याचा उलगडा २००४ साली झाला. गाईबैलांच्या वेदना व सूज कमी व्हावी म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध गिधाडांचा काळ ठरले होते. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांतच ते मरते. एका मढ्यावर अनेक गिधाडे जेवतात. त्यामुळे शंभर मढ्यांत एकाहूनही कमी विषारी निघाले तरी सारी जात नष्ट होण्यास तेवढे पुरते. शिवाय गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास पाचएक वर्षे लागतात. गेलेली संख्या भरून येणार कशी?

ह्या हकीकतीतील मर्म असे की, येथे क्रौर्याने नव्हे, तर दयेने घात केला. लंगडणाऱ्या बैलाची कीव येऊन शेतकऱ्याने औषध दिले. त्यात त्याचा दोष तो काय? परंतु परिणाम न जाणता केलेली दया एकाला तारते आणि दुसऱ्याला मारते.

त्याचे फळ माणसानेही भोगले. उघड्यावर कुजणाऱ्या मढ्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली, आणि त्यांच्यासवे रेबीजचे भय वाढले. २००० ते २००५ ह्या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. पारशी समाजाची शतकानुशतकांची अंत्यविधीची रीतही ह्यामुळे अडचणीत आली.

सुदैवाने उपाय हाती आहे. २००६ साली सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यास बंदी केली. तथापि माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ साली त्या बंद करून तीन मिलिलिटरची लहान कुपीच ठेवण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ह्या औषधांवरही तशीच बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास करण्याचे केंद्र चालते. मध्य प्रदेशात आज देशातील सर्वांत अधिक गिधाडे आहेत. ग्वाल्हेरहून झाशीमार्गे ओरछ्यास जाणाऱ्यास बेतवेकाठच्या जुन्या छत्र्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आजही पाहावयास मिळतात.

परंतु कायदा गोठ्याच्या दारापर्यंतच येतो. आत जाते ती धन्याची सदसद्विवेकबुद्धी. जनावर आजारी पडले तर पशुवैद्यास स्पष्ट विचारावे, ‘हे औषध गिधाडांस बाधक नाही ना?’ मेलॉक्सिकॅम हे औषध जनावरास गुणकारी आणि गिधाडांस निर्धोक आहे. माणसांची कुपी जनावरास टोचू नये. नुकतेच औषध दिलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. बिबट्या वा कुत्री मारण्यासाठी मढ्यात विष घालणे तर सर्वस्वी टाळावे. आणि ज्या उंच, जुन्या झाडावर गिधाडांचे घरटे असेल, त्यावर कुऱ्हाड चालवू नये.

ह्यांतील एकाही गोष्टीस मोठे द्रव्य लागत नाही. चिमणीला दाणे टाकणारा हात सर्वांस दिसतो. औषधाची कुपी पारखून घेणारा हात कोणास दिसत नाही. गिधाड त्या दुसऱ्या हाताच्या भरवशावर आहे. उद्या एखाद्या दुपारी माळावरच्या आकाशात पुन्हा ती संथ घिरटी दिसली, तर तिला अपशकुन समजू नये. खाली कोणत्या तरी गोठ्यात एका माणसाने योग्य प्रश्न विचारला होता, एवढाच तिचा अर्थ.