सोबतीला आई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी आपल्यापैकी एकीने चार शब्द बोलावेत, अशी आपली प्रथा आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. आफ्रिकेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल या इंग्रज शास्त्रज्ञ बाई १ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी वारल्या. त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. त्यांची हकीकत वाचताना माझे लक्ष राहून राहून त्यांच्या आईकडे जात होते. म्हणून आज लेकीबरोबर आईचीही ओळख करून देते.

जेनचा जन्म ३ एप्रिल १९३४ रोजी लंडनमध्ये झाला. ती लहान असताना मायलेकी एकदा एका शेतावर राहायला गेल्या होत्या. कोंबडीच्या अंगातून एवढे मोठे अंडे येते तरी कोठून, असा प्रश्न पोरीला पडला. कोणी नीट सांगेना. मग ती खुराड्यात शिरून गवतात दडून बसली आणि कोंबडीने अंडे घालीपर्यंत हलली नाही. इकडे तासन्‌तास शोधाशोध, सगळ्यांच्या जिवाला घोर! शेवटी अंगाला काड्या चिकटलेली पोर धावत आली. आपण काय केले असते? आधी पाठीत धपाटा आणि मग चौकशी! त्या आईने मुलीच्या डोळ्यांतला आनंद पाहिला, तिला जवळ बसवले आणि अंडे कसे बाहेर आले ती सारी कथा ऐकून घेतली.

पुढे आईवडील विभक्त झाले. आई, आजी, मावश्या आणि दोघी बहिणी अशा बायकांच्याच घरात जेन वाढली. आफ्रिकेत जाऊन प्राण्यांत राहायचे, हे तिचे वेड होते. लोक हसत. आई मात्र म्हणे, कष्ट कर, संधी सोडू नकोस, धीर सोडू नकोस. कॉलेजला घालण्याइतका पैसा घरात नव्हता, म्हणून तिने सेक्रेटरीचे काम शिकून घेतले. केनियातल्या एका मैत्रिणीचे बोलावणे आले, तेव्हा हॉटेलात वाढपिणीचे काम करून तिने बोटीचे भाडे साठवले आणि १९५७ साली ती आफ्रिकेला गेली. नैरोबीला लुई लीकी हे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे ती सेक्रेटरी म्हणून लागली. रानातल्या चिंपांझींचा अभ्यास करायला त्यांना चिकाटीचे माणूस हवे होते. पदवी नसली तरी चालेल, उलट पुस्तकी मतांचे ओझे नसलेले मन बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी जेनला निवडले.

आता अडचण पाहा. टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे नावाचे रान आहे. तेथे तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. अधिकारी म्हणाले, तरुण मुलगी एकटी रानात राहणार नाही, सोबत कोण? भगिनींनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्या किती मुलींची वाट याच प्रश्नापाशी अडते! तेथे त्या आईने उत्तर दिले, “मी जाते.” पन्नाशी उलटलेली ती बाई १४ जुलै १९६० रोजी लेकीबरोबर गोंबेला उतरली. राहायला एक जुना तंबू. दोघींनाही हिवताप झाला, पण त्या मागे फिरल्या नाहीत. मुलगी दुर्बीण घेऊन दिवसभर डोंगरावर. आई तळावर येणाऱ्या कोळ्यांना साधी औषधे देई, जखमा धुई. त्यामुळे आसपासचे लोक आपले झाले. चिंपांझी जेनला पाहताच पळत. संध्याकाळी ती हिरमुसून आली की आई तिला दाखवून देई, की अगं, ते काय खातात, कोठे झोपतात, किती जण मिळून हिंडतात, एवढे तर तुला कळले!

त्या चिकाटीला लवकरच फळ आले. १९६० च्या नोव्हेंबरात, जेनने डेव्हिड ग्रेबिअर्ड असे नाव ठेवलेला एक करड्या दाढीचा चिंपांझी वारुळाच्या भोकात गवताची काडी घालून तिला चिकटलेली वाळवी खाताना तिला दिसला. डहाळीची पाने ओरबाडून तिची काडी करतानाही चिंपांझी दिसले. म्हणजे अवजार करणे! ती कला फक्त माणसाची, असे तोवर शास्त्र सांगत होते.

जगाला पटवायचे तर छायाचित्रे हवीत. १९६१ साली धाकटी बहीण ज्यूडी कॅमेरा घेऊन गेली, पण पावसाने फारसे काही साधू दिले नाही. १९६२ मध्ये ह्यूगो व्हान लाविक हे डच छायाचित्रकार आले. बुजऱ्या प्राण्यांपुढे तासन्‌तास न हलता त्यांनी चित्रे घेतली आणि गोंबेचे चिंपांझी घरोघर पोचले. १९६४ साली दोघांचा विवाह झाला.

त्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठाने जेनला पदवी नसतानाही थेट डॉक्टरेटसाठी घेतले. तेथील पंडित म्हणाले, प्राण्यांना नावे काय देता, क्रमांक द्या! जेनने नावे सोडली नाहीत. डॉक्टरेटही मिळवली.

या नावांतूनच चिंपांझींचा एक कुलवृत्तांत तयार झाला. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात वंश बापाकडून चालतो. गोंबेचा आईकडून चालतो, कारण बाप कोण ते नुसते पाहून कळत नसे. आईच्या नावाचे पहिले अक्षर मुलांना. फ्लो या म्हाताऱ्या मादीची मुले फॅबेन, फिगन, फिफी आणि फ्लिंट. फ्लो हट्टी पिलाला मारण्यापेक्षा गुदगुल्या करून त्याचे लक्ष दुसरीकडे वळवी. तिची फिफी पुढे नऊ पिलांची आई झाली. १९७२ साली फ्लो मेली आणि आठ वर्षांचा फ्लिंट खाणेपिणे सोडून महिन्याभरात तिच्यामागे गेला. चिंपांझींची क्रूर बाजूही दिसली. एका मादीने आपल्या मुलीसह दुसऱ्यांची पिले मारून खाल्ली. जेनबाईंनी तेही जगाला सांगितले.

त्यांना १९६७ साली मुलगा झाला. चिंपांझी इतर प्राण्यांची पिले धरून खातात, म्हणून रानात त्याला जाळी लावलेल्या जागेत ठेवावे लागे. शाळेसाठी तो पुढे इंग्लंडला आजीकडे राहिला. पुन्हा तीच आई आधाराला! १९७४ साली ह्यूगोंशी काडीमोड झाला, १९८० साली दुसरे पती कर्करोगाने गेले. बाई खचल्या, पण काम थांबले नाही.

१९८६ मध्ये सगळीकडची जंगले तुटत आहेत हे ऐकून त्यांनी आवडते रान सोडले आणि वर्षाचे सुमारे तीनशे दिवस प्रवास करून व्याख्याने देऊ लागल्या. मरण आले तेही अमेरिकेतील अशाच दौऱ्यात. १९९४ पासून त्यांच्या संस्थेने गोंबेभोवतीच्या गावांत झाडांच्या रोपवाटिका, मुलींना शिष्यवृत्त्या आणि बायकांना लहान कर्जे असे काम सुरू केले. आपल्या बचत गटासारखेच म्हणा ना! गावाची चूल सुखाने पेटली तरच रान टिकते, हे त्यांनी ओळखले होते.

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्राविषयी मी अधिक काय सांगणार? पण मुलाने ओंजळीत किडा आणून दाखवला, तर हातातले काम ठेवून त्याचे ऐकायला पदवी लागत नाही. आणि मुलीने कधी दूरची वाट धरायची म्हटले आणि घरात कोणी विचारले, “सोबत कोण?” तर आपल्यापैकी एखादीने तरी पदर खोचून म्हणावे, “मी आहे.” मग ती आई असो, मावशी असो, नाहीतर शेजारीण.