घोषवाक्याची निविदा



नगरपरिषदांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने सुरुवातीला आभार मानायचे असतात, ते मानले असं समजून चाला. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्यानंतरचं सत्र शहरांच्या ब्रँडिंगचं आहे आणि त्याला सल्लागार मंडळी लॅपटॉप घेऊन आलेली आहेत. त्यामुळे जे बोलायचं ते आत्ताच बोललेलं बरं.

आपल्या सर्वसाधारण सभांपुढे हल्ली एक विषय हमखास येतो. शहराची पर्यटनदृष्ट्या ओळख निर्माण करण्याकामी सल्लागार नेमणे व येणाऱ्या खर्चास मान्यता देणे. एरवी गटाराच्या उतारावरून बाकं वाजवणारं सभागृह हा विषय बिनविरोध मंजूर करतं. का करणार नाही? यात कुणाचं अतिक्रमण निघत नाही, कुणाची घरपट्टी वाढत नाही, कुठल्या प्रभागाला झुकतं माप मिळत नाही. मग सल्लागार येतात, गाव फिरतात, सादरीकरण देतात. नोकरीत असताना माझ्या टेबलावर आलेल्या अशा एका अहवालात आमच्या घाटमाथ्यावरच्या गावाला चक्क समुद्रकिनारा होता. आधीच्या गिऱ्हाईकाचं पान तसंच राहून गेलेलं. देयक मात्र बरोबर आमच्याच नावाने होतं.

या सगळ्याचं फलित म्हणजे तळ्याकाठी किंवा नगरपरिषदेच्या दारात उभी राहिलेली 'आय लव्ह अमुक' ही दिव्यांची अक्षरं, मधे लाल बदाम. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातलं एखादं अक्षर विझतं आणि देखभाल विद्युत विभागाची की उद्यान विभागाची, यावर टिपणी सुरू होते. तो बदाम आला कुठून, हे मात्र सांगण्यासारखं आहे. १९७५ साली न्यूयॉर्क शहराचं दिवाळं वाजायची वेळ आली होती. गुन्हेगारी इतकी की माणसं तिथे जायला धजत नव्हती. १९७७च्या मोहिमेसाठी मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने टॅक्सीत बसल्या बसल्या कागदाच्या कपट्यावर लाल खडूने ते चिन्ह रेखाटलं. मोबदला घेतला नाही. गाव त्याचंच होतं, त्याच्या डोळ्यांदेखत खचत होतं. आणि विकायला ब्रॉडवेची नाटकं होती, ती आधीपासून चालू होती.

आता याच ग्लेझरची दुसरी गोष्ट, जी सादरीकरणात कुणी दाखवत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या सर्वांत लहान राज्याने ५० लाख डॉलर्सची पर्यटन मोहीम हाती घेतली. बोधचिन्हासाठी पुन्हा ग्लेझरच. 'कूलर अँड वॉर्मर' हे घोषवाक्य ठरलं. गार आणि ऊबदार दोन्ही, म्हणजे नेमकं काय, हे तिथल्या लोकांनाच उमगेना. जाहिरातीच्या चित्रफितीत एक देखणी काचेची इमारत झळकली, ती निघाली आइसलंडची राजधानी रेक्याविकमधली. संकेतस्थळावरच्या खानावळींच्या यादीत शेजारच्या मॅसॅच्युसेट्सच्या खानावळी सापडल्या. लोकांनी इतकी टर उडवली की काही दिवसांतच घोषवाक्य गुंडाळावं लागलं आणि मोहिमेच्या प्रमुख बाईंना पद सोडावं लागलं. कलावंत तोच होता, हात तोच होता. यावेळी काय सांगायचंय, हेच कुणी ठरवलेलं नव्हतं.

केरळचं उदाहरण तुमच्या ओठांवर आलं असेल. 'गॉड्स ओन कंट्री' हे शब्द १९८९ साली एका जाहिरात संस्थेतूनच आले, हे मी नाकारत नाही. चांगला शब्द विकत मिळतो, कधीकधी स्वस्तातही मिळतो. पण पुढे तिथल्या सरकारने आयुर्वेदाच्या केंद्रांना तपासून दर्जा द्यायला सुरुवात केली. कुमरकोममध्ये हॉटेलांनी भाजीपाला गावातल्या बायकांच्या गटांकडून घ्यावा, अशी घडी पंचायतीला बरोबर घेऊन बसवली. सल्लागाराच्या अहवालात हे पान सहसा नसतं, कारण ते करायला ज्याला त्या गावात राहायचं आहे असा माणूस लागतो.

ही परिषद वाईत भरली आहे, तर वाईचंच बघू. या गावाइतकं दुसऱ्याच्या नावावर विकलं गेलेलं गाव महाराष्ट्रात विरळा. 'गंगाजल' सिनेमात हे बिहार झालं, 'दबंग'मध्ये उत्तर प्रदेश, 'स्वदेस'मध्ये शेजारची मेणवली चरणपूर झाली. कोट्यवधी लोकांनी इथला कृष्णेकाठचा घाट पाहिला आणि तो कुठला, हे त्यांना कळलं नाही. सल्लागार याला वाया गेलेली संधी म्हणेल. मला तसं वाटत नाही. सकाळी घाटावर जा. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागून वळसा घाला. गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेली आहे, नदीच्या बाजूला टोक काढून. पूर आला की पाणी तिथे फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. रास्त्यांनी १७६२च्या सुमारास बांधलेलं हे देऊळ त्या भिंतीच्या जोरावर कृष्णेचे पूर झेलत आलं आहे. समोरून बघणाऱ्याला ती भिंत दिसतच नाही. येणारा पाहुणा समोरून गणपती बघतो, फोटो काढतो आणि पाचगणीची वाट धरतो. त्याला मागे वळवायला एक शहाणा वाटाड्या पुरे, त्याला घोषवाक्य लागत नाही. याच गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्याची पाटी किती पर्यटकांनी वाचली असेल? वाटाडे तयार करण्याचा विषय मात्र सभेपुढे येत नाही, कारण त्याचं उद्घाटन होत नाही.

वर डोंगरात भिलार आहे. २०१७ साली सरकारने ते पुस्तकांचं गाव म्हणून जाहीर केलं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय गावावरून घेतलेली, हे उघड आहे. तिथे रिचर्ड बूथ नावाच्या तऱ्हेवाईक गृहस्थाने १९६२ साली जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं आणि १९७७च्या एक एप्रिलला स्वतःला त्या गावाचा राजा म्हणवून घेतलं. पंधरा वर्षं आधी पुस्तकं, मग मुकुट. भिलारमध्ये क्रम उलटा होता, नाव सरकारने दिलं. तरीही मी भिलारला नावं ठेवणार नाही. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या घरातल्या खोल्या परक्या वाचकांना उघड्या केल्या. चपला बाहेर काढून माजघरात बसा, पुस्तक चाळा. ही संमती एकेका उंबऱ्यावर जाऊन मिळवावी लागते. सल्लागाराला ती कंत्राटात लिहून देता येत नाही.

सल्लागार नकोतच, असं माझं म्हणणं नाही. मे महिन्यातल्या रविवारी किती गाड्या आत येतात, त्यांचा कचरा किती टन होतो, सांडपाणी नदीत कुठे मिसळतं, हे मोजायला जरूर माणूस नेमा, त्याला भरपूर पैसे द्या. आपल्याला पाहुणे किती हवेत, कुणाच्या घरी उतरायला हवेत आणि त्यांच्यामागून झाडू कोण मारणार, याचा निर्णय मात्र सभागृहात, भांडून घ्यावा लागतो. तो टाळण्यासाठीच आपण बोधचिन्ह मागवतो, असा मला दाट संशय आहे.

आता चहा आहे. चहानंतरच्या सत्रात मी पुढच्या रांगेत बसणार आहे. प्रत्येक सादरीकरणानंतर एकच प्रश्न विचारीन: तुमच्या या गावात बायकांसाठी किती स्वच्छतागृहं आहेत आणि रात्री आठनंतर त्यांची किल्ली कुणाकडे असते? सल्लागारांना उत्तर आलं नाही, तर त्यांना नेमणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांनी द्यावं.