कॅमेऱ्याची काठी

फोटो धूसर आला की आपण कॅमेऱ्याला दोष देतो. बहुतेक वेळा हललेला असतो तो आपला हात. प्रकाश कमी असला की शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्यात हाताचा बारीक कंपही चित्रावर उमटतो. लांबचे जवळ आणणारी लेन्स तो कंपही मोठा करून दाखवते.

यासाठी जुना ठोकताळा असा : लेन्स २०० मिलिमीटरची असेल, तर शटरचा वेग निदान १/२०० सेकंद हवा. आता त्र्यंबकेश्वरची पौषातली पहाट आठवा. वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी गावोगावच्या दिंड्या आलेल्या असतात. उजाडायला वेळ असतो, दिव्यांचा पिवळा उजेड तेवढा असतो. हा वेग तिथे मिळणार कुठून?

ट्रायपॉड म्हणाल, तर त्याचीही जागा असते. दादासाहेब फाळके यांचा जन्म याच त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी रोप उगवताना एकेक चित्र घेऊन लघुपट केला. तिथे कॅमेरा दिवसेंदिवस एकाच जागी हवा होता. पण दिंडीच्या वाटेवर तीन पाय पसरून ठेवले, तर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकायचा. सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. गर्दीत वाट अडवणे ही साधी गोष्ट नव्हे.

अशा ठिकाणी उपयोगी पडतो तो मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची एकच काठी. डोंगरउतारावर गुरे राखणारा माणूस काठीवर रेलून तासन्‌तास उभा असतो. युक्ती तीच. दोन पाय आपले, तिसरा काठीचा, झाली तिवई.

मात्र काठी आपल्या दोन पावलांच्या मधोमध टेकवू नका. टोक फूट-दीड फूट पुढे ठेवा, पाय खांद्यांइतके फाकवा, कोपरे अंगाशी घ्या आणि कॅमेऱ्यावर किंचित भार द्या. कॅमेरा डोळ्याच्या उंचीला येईल एवढीच काठी लांबवा. वाकावे लागले की कंप परत आला. जड लेन्सला स्वतःचे कडे असते, काठी त्यालाच जोडा, म्हणजे तोल राहतो. अर्धा श्वास सोडून बटण हळूच दाबा आणि लागोपाठ तीन-चार फोटो घ्या. पहिल्यात बोटाचा धक्का येतो, पुढचा एखादा स्वच्छ निघतो. पावसाळ्यात ब्रह्मगिरीच्या ओल्या पायऱ्यांवर काठीला रबरी टोक हवे. खिळ्याचे टोक दगडावर घसरते.

हे जमले, तर १/२०० ऐवजी १/५० सेकंदातही, सराव झाल्यावर त्याहून कमी वेगातही, फोटो स्पष्ट येतो. पण काठी कॅमेऱ्याला स्थिर करते, समोरच्या माणसाला नव्हे. मृदंगावरची बोटे १/५० ला पुसटच दिसणार. म्हणून क्षण निवडावा लागतो : अभंग संपतो आणि टाळकरी क्षणभर थांबतो, तेव्हा.

काठी नसेल, तर कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा पाव इंची स्क्रू आणा, त्याला दोरी बांधा, दुसरे टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणून धरा. बराच फरक पडतो. आज मोबाइल आणि नव्या लेन्स थोडाफार कंप आपणच सावरतात. अंधुक उजेडात त्यांनाही आधार लागतोच.

एक पथ्य मात्र पाळा. चालताना काठी मिटवून उभी धरा, आडवी नको. अगदी दाटीत ती उघडूच नका. मंदिरात छायाचित्रणाला मनाई आहे, तिथे कॅमेरा बाहेर काढू नये. कुशावर्तावर स्नान करणाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, संकोचाचा मान राखावा.

२०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. ज्यांना तिथे कॅमेरा घेऊन जायचे आहे, त्यांनी आजच संध्याकाळी अंगणात दहा फोटो काठीशिवाय आणि दहा काठीवर घ्यावेत, मोठे करून शेजारी शेजारी ठेवावेत. नवा कॅमेरा घ्यायचा की नाही, ते मग ठरवावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)